फूल उत्पादकांच्या ग्रुपवर दर सणाला तोच गोंधळ: कारण काय निघालं आणि उपाय काय लागू पडला

दसऱ्याच्या आठ दिवस आधी ग्रुपवर एक ओळ येते: ‘झेंडू ८०’. पुढे काही नाही. हे ८० कुठल्या बाजारातले? पुण्यात गुलटेकडीचे, दादरचे, की हैदराबादच्या गुडीमलकापूरचे? आजचे की कालचे? लाल की पिवळा, कोरडा माल की पावसात भिजलेला? पाच मिनिटांत तीस-चाळीस मेसेज पडतात. कोणी म्हणतो, “आमचा तर ४० नेच गेला.” कोणी अंगठा दाखवतो, कोणी मागच्या वर्षीचा व्हिडिओ ढकलतो. आणि ज्याच्या रानात फूल उमलून उभं आहे, त्याला उद्या तोडणीला बायका सांगायच्या की दोन दिवस थांबायचं, हे काही केल्या ठरवता येत नाही.

मी पुरंदर तालुक्यातल्या अशा एका व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिन आहे. झेंडू, शेवंती आणि ॲस्टर करणारे आसपासच्या गावांतले शेतकरी, रोपवाटिकावाले, खत-औषधांचे दुकानदार, टेम्पोवाले, काही आडते (बाजारात आपला माल विकून देणारे दलाल) आणि कृषी सहायक असे सगळे एकाच ठिकाणी आहेत. दुसऱ्या ग्रुपच्या ॲडमिन मंडळींशी बोललो तेव्हा कळलं की सगळीकडे दुखणं हेच आहे. म्हणून आम्ही काय केलं आणि कशाचा उपयोग झाला, ते सविस्तर लिहितोय.

आधी जे करून फसलो ते सांगतो, म्हणजे तुमचा वेळ वाचेल.

पहिल्यांदा मी ‘फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतील’ ही सेटिंग लावली. ग्रुप शांत झाला, पण आठवड्यात मेलाही. लोक मला फोन करून भाव विचारायला लागले, आणि एकाच्या प्लॉटवर आलेला करपा रोग शेजारच्या गावाला पंधरा दिवस कळला नाही. मग मी चौदा नियमांची यादी टाकली. ती कोणी वाचली नाही. तिसरी चूक मला आजही बोचते. रोज सकाळी देवाचा फोटो टाकणाऱ्या एका ज्येष्ठ शेतकऱ्याला मी ग्रुपमधून काढलं. महिन्याभराने शेवंतीची पानं खालून काळी पडायला लागली तेव्हा लक्षात आलं, की पान हातात घेऊन रोग सांगणारा आमच्यातला सगळ्यात जाणता माणूस तोच होता. मी घरी जाऊन माफी मागितली, तेव्हा अण्णा परत आले. सकाळच्या फोटोंनी ग्रुप बिघडत नाही, हे मी त्या दिवशी शिकलो. ते फोटो नजरेआड करता येतात. अर्धवट मेसेज नजरेआड करता येत नाही, कारण त्यावर माणूस निर्णय घेतो.

मग एके रात्री बसून मागच्या महिन्याभराचे मेसेज वर सरकवत वाचले. कोणत्या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही आणि कुठे भांडण झालं, ते वहीत लिहीत गेलो. बहुतेक भांडणांत दोघंही खरं बोलत होते. एक पहाटे चारचा दादरचा भाव सांगत होता, दुसरा सकाळी दहाचा पुण्याचा. फुलांच्या बाजारात पहाटेच्या आणि दहाच्या भावात किती फरक पडतो, ते माल घेऊन गेलेल्याला सांगायला नको. सणाच्या आदल्या दिवशी सकाळी वधारलेला झेंडू संध्याकाळी गाड्या वाढल्या की पार खाली येतो. दोन खरी माणसं केवळ ठिकाण आणि वेळ न लिहिल्यामुळे एकमेकांना खोटं ठरवत होती. आमच्या ग्रुपचा मूळ आजार हाच होता. मेसेज वाचणाऱ्याला बाकीचं आधीच माहीत आहे असं धरून आम्ही लिहीत होतो.

भावाचा गोंधळ

उपाय म्हणून भावाच्या मेसेजला एक ठरावीक वळण लावलं. बाजार, तारीख, वेळ, फूल आणि रंग, माल कसा होता, एकक, भाव. नमुना म्हणून ग्रुपच्या माहितीत हे लिहून ठेवलं: ‘गुलटेकडी, आज सकाळी ६, पिवळा झेंडू, कोरडा, किलो, ६०.’ दहा सेकंदांत लिहून होतं. हाताला चिखल असेल तर बोलून पाठवा, पण याच क्रमाने बोला.

एककाबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण नवीन माणूस इथे हमखास फसतो. झेंडू, शेवंती किलोवर जाते. निशिगंध सुटा किलोवर आणि काडीचा माल काडीवर. डच गुलाबाची गड्डी वीस फुलांची, जरबेऱ्याची दहाची. ‘गुलाब १२०’ असा मेसेज वाचून आमच्यातल्या एका पोराने तो शेकड्याचा भाव समजला होता. तो गड्डीचा होता. हिशेबात थेट पाचपट फरक.

दुसरी गोष्ट पट्टीची, म्हणजे माल विकल्यावर आडत्याकडून मिळणाऱ्या हिशेबाच्या कागदाची. कोणी पट्टीवर लिहिलेला भाव सांगतो, कोणी हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा जाऊन हातात काय पडलं ते सांगतो. दोन्ही आकडे खरे असतात, पण एकमेकांशी ताडून बघता येत नाहीत. आम्ही ‘पट्टी’ आणि ‘हातात’ असे दोन शब्द ठरवले आणि आकड्याच्या पुढे त्यातला एक लिहायचाच, असं सगळ्यांना पटवलं. शक्य असेल त्याने पट्टीचा फोटो टाकावा, मात्र नाव, मोबाइल नंबर आणि खात्याचा तपशील बोटाने किंवा कागदाने झाकून. हे झाकणं मी आग्रहाने सांगतो. ग्रुपवरचा फोटो कुठून कुठे जाईल ते आपल्या हातात राहत नाही.

आडते ग्रुपवर असावेत की नसावेत, यावर आमच्यात खूप वाद झाला. काहींचं म्हणणं, आडत्यासमोर शेतकरी मोकळं बोलत नाही. काहींना भीती, की माल ओढून घ्यायला भाव चढवून सांगितला जाईल. दोन्ही शंका रास्त आहेत. तरी मी त्यांना ठेवायच्या बाजूने होतो आणि आहे. उद्या किती गाड्या लागणार, कुठल्या रंगाला उठाव आहे, बाहेरून किती माल उतरलाय, हे आडत्याइतकं नेमकं कोणाला कळत नाही. फक्त एक गोष्ट केली: आडत्याने टाकलेल्या भावापुढे ‘अंदाज’ लिहायचं, शेतकऱ्याच्या पट्टीवरच्या भावापुढे ‘झालेला’ लिहायचं. त्यानंतर कुरबूर बरीच कमी झाली. जे आडते अंदाज प्रामाणिकपणे देतात, त्यांचा अंदाज आणि झालेला भाव लोक आपोआप ताडून बघतात, आणि त्यांच्याकडे माल वाढतो.

फॉरवर्डचं काय करायचं? दुहेरी बाणाची खूण असलेला मेसेज म्हणजे तो बऱ्याच हातांतून आलेला आहे. भावाच्या बाबतीत असा मेसेज आम्ही ठेवतच नाही. ॲडमिनला कोणाचाही मेसेज सगळ्यांसाठी काढून टाकता येतो, तो अधिकार इथे बिनदिक्कत वापरा. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात, सोलापुरात पावसाने हाहाकार केला, तेव्हा भिजलेल्या फुलांचे आणि वाहून गेलेल्या रानांचे व्हिडिओ फिरत होते. त्यात खरे किती आणि जुने किती, ते घाबरलेल्या माणसाला कळत नाही. आमच्याकडच्या एकाने ‘सगळीकडचा झेंडू गेला, आता भाव चढणार’ असं समजून तोडणी लांबवली. पुढच्या दोन दिवसांच्या पावसाने त्याची फुलं देठात काळी पडली. त्याला दोष कसा द्यायचा? मेसेजवर तारीख असती तर तो थांबला नसता.

रोगाच्या फोटोंचा गोंधळ

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, भावापेक्षाही जास्त. एक धूसर फोटो येतो, खाली ‘काय मारू?’ आणि सात जण सात औषधं सांगतात. त्यात एखादा दुकानदार आपल्याकडे शिल्लक असलेलं सांगतो. मी सगळ्यांना त्यात धरत नाही. आमच्याच ग्रुपवरच्या एका दुकानदाराने ‘आधी मुळी दाखव, मग औषध देतो’ म्हणून गिऱ्हाईक परत पाठवलेलं मी पाहिलंय.

गेल्या पावसाळ्यातला प्रसंग. झेंडूची पानं पिवळी पडत होती, शेंडा माना टाकत होता. ग्रुपवर कोणी बुरशीनाशक सांगितलं, कोणी मॅग्नेशियम, कोणी फुलकिडे. अण्णांनी एवढंच विचारलं, “रोप उपटून मुळीचा फोटो टाक, आणि सरीत पाणी किती दिवस साचलंय ते सांग.” मुळ्या तपकिरी, सालटं हाताला निघत होतं. पाणी आठ दिवस साचलेलं. वरून काहीही मारलं असतं तरी उपयोग नव्हता. आधी चर काढून पाणी बाहेर काढायला हवं होतं.

उलट अनुभव उन्हाळ्यातला. पानं निस्तेज, धुरकट दिसत होती. एकाने दोन वेळा बुरशीनाशक मारलं, मग सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक मारलं, आणि प्लॉट आणखी बिघडला. पानाच्या खालच्या बाजूचा फोटो आला तेव्हा बारीक जाळी आणि लाल कोळी (पानातला रस शोषणारी बारीक कीड) स्पष्ट दिसले. पायरेथ्रॉइडने कोळ्यांना खाणारे मित्रकीटक मरतात आणि कोळी उलट फोफावतात. हे ग्रुपवर किमान तिघांना माहीत होतं. पण पहिल्या फोटोत फक्त पानाची वरची बाजू होती, म्हणून कोणी बोललं नाही.

तेव्हापासून रोग विचारायचा तर तीन फोटो लागतात. पहिला प्लॉटचा, म्हणजे रोग ठिपक्या-ठिपक्यांनी आहे, कडेने आहे की सगळीकडे पसरलाय ते दिसतं. दुसरा पूर्ण झाडाचा. तिसरा जवळून, पानाच्या खालच्या बाजूचा, आणि झाड मरत असेल तर मुळीचा. सकाळच्या उजेडात काढा, दुपारच्या उन्हात पानाचा रंगच बदलून दिसतो. फोटो पाठवताना एचडी निवडा. साधा पाठवला तर व्हॉट्सॲप तो दाबून लहान करतं आणि मोठा करून बघितला की ठिपक्याची कडा दिसत नाही. करपा ओळखताना त्या कडेवरच बरंच काही अवलंबून असतं.

फोटोबरोबर लिहायचं ते असं: पीक आणि जात, लागवड होऊन किती दिवस झाले, पाणी ठिबकने की पाटाने, शेवटची फवारणी कशाची आणि कधी. जात नुसती ‘पांढरं ॲस्टर’ अशी लिहू नका. ते राहुरीच्या विद्यापीठाचं ‘फुले गणेश व्हाईट’ आहे की गावातलं घरचं बी, यावर पुढचं सगळं ठरतं.

उत्तर देणाऱ्यांवरही बंधन घातलं, आणि या एका बाबतीत मी कोणाचं ऐकत नाही. औषधाचं नाव सांगायचं तर त्यातला घटक सांगायचा, कंपनीचं नाव नाही. मात्रा ‘एक झाकण’ अशी सांगायची नाही, डब्यावरच्या लेबलप्रमाणे सांगायची. तीन-चार औषधं एकत्र करून मारायचा सल्ला आला की मी तो मेसेज काढतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन शेतकऱ्यांचे आणि शेतमजुरांचे जीव गेले, हे आपण विसरता कामा नये. ग्रुपवर एकमत होत नसेल तर मी सरळ किसान कॉल सेंटरचा १८०० १८० १५५१ हा नंबर देतो, किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात झाड घेऊन जायला सांगतो. आमच्या जिल्ह्यात बारामती आणि नारायणगाव दोन्हीकडे केंद्रं आहेत. तिथून मिळालेलं उत्तर परत ग्रुपवर लिहायचं, म्हणजे पुढच्याची फेरी वाचते.

‘झेंडू कधी लावू?’

हा प्रश्न दरवर्षी जूनपासून सुरू होतो आणि दरवर्षी कोणीतरी मागचा मेसेज शोधून चिकटवतो. त्यात धोका आहे. २०२५ चा दसरा २ ऑक्टोबरला होता. २०२६ ला अधिक ज्येष्ठ आल्यामुळे दसरा २० ऑक्टोबरला आहे. मधे अठरा दिवसांचा फरक. आमच्याकडच्या संकरित झेंडूला लागणीपासून पहिला तोडा यायला साधारण ५० ते ६० दिवस लागतात. ऐन बहर सणाला सापडावा म्हणून आम्ही ६५ दिवस धरतो. त्या हिशेबाने २०२५ ला २९ जुलैच्या सुमारास लागण व्हायला हवी होती, आणि २०२६ ला तीच १६ ऑगस्टच्या सुमारास. मागच्या वर्षीची तारीख जशीच्या तशी उचलली तर पहिले चांगले तोडे सणाच्या आधीच, पडत्या भावात जातील.

म्हणून आता तारखेचा मेसेज ‘दसऱ्याआधी इतके दिवस’ असाच लिहितो आणि तो पिन करतो. पिन जास्तीत जास्त तीस दिवस राहते, म्हणून जुलैच्या पहिल्या आठवड्यात मी ती पुन्हा लावतो. एका वेळी तीनच मेसेज पिन होतात. आमचे तीन ठरलेले आहेत: भावाचा नमुना, रोगाच्या फोटोचा नमुना, लागणीचा हिशेब. शेवंतीवाल्यांनी मार्गशीर्षातल्या गुरुवारांसाठी हाच हिशेब आपल्या जातीप्रमाणे मांडावा. पॉलिहाऊसवाल्यांना व्हॅलेंटाइनसाठी डच गुलाबाचं कटिंग, म्हणजे छाटणी, डिसेंबरात धरावं लागतं, पण त्यांची तारीख इंग्रजी कॅलेंडरवर पक्की असल्यामुळे हा घोळ त्यांना नाही.

आता छोट्या गोष्टी. एकाचे पाच ग्रुप करू नका. आम्ही केले होते, लोक चुकीच्या ग्रुपवर लिहायला लागले आणि तीन बंद पडले. आता दोनच आहेत. एक सगळ्यांचा, दुसरा फक्त गाडीचा, जिथे ‘कुठून, किती क्रेट, किती वाजता’ एवढंच लिहायचं. टेम्पोवाल्यांना सबंध चर्चा वाचायला वेळ नसतो. उद्या कोणाकोणाचा माल आहे ते विचारायला पोल बरा पडतो, शंभर ‘माझा आहे’ येत नाहीत.

सरकारी योजनेच्या नावाने एपीके फाइल (फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल) आली तर उघडू नका आणि पुढे पाठवू नका. पीएम किसानच्या नावाने अशा फाइली खूप फिरतात आणि फोनचा ताबा जाऊन खातं रिकामं होतं. चुकून उघडलीच, तर आधी फोनचं इंटरनेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. ज्याच्या नंबरवरून ती आली त्याला शिव्या देऊ नका, बहुधा त्याचाही फोन आधीच फसलेला असतो.

लांबलचक व्हॉइस मेसेजबद्दल तक्रारी येतात. मी ते बंद केले नाहीत. लिहिता न येणाऱ्या माणसाचा तोच आवाज आहे. पण आवाजातला मजकूर नंतर शोधून सापडत नाही. म्हणून जो ऐकेल त्याने खाली दोन ओळी लिहायच्या, अशी सवय लावली. कॉलेजात जाणारी पोरं हे काम आनंदाने करतात.

एक गोष्ट अजून पुरी सुटलेली नाही. फुलं तोडतात त्या बायका. ग्रुपवर नावं पुरुषांची. फोन नवऱ्याचा नाहीतर पोराचा, आणि मेसेज संध्याकाळी घरी आल्यावर कळला तर कळला. गेल्या वर्षी एका ताईंनी मुलाच्या फोनवरून व्हॉइस मेसेज पाठवला: “उद्या ज्या रानात जायचंय तिथं काल काय मारलंय ते कुणी सांगंल का? हातं भगभगत्यात.” ग्रुपवर कोणाकडेच उत्तर नव्हतं. ज्याचं रान होतं त्यानेही लगेच लिहिलं नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही चौथा नमुना सुरू केला. फवारणी झाली की मालकाने लिहायचं: कुठलं रान, कुठला घटक, किती वाजता, आणि लेबलप्रमाणे तोडणीला कधी जायचं. तोडणीच्या टोळीची मुकादम असलेल्या तिघी आता ग्रुपवर आहेत, स्वतःच्या फोनवर. बाकीच्यांना त्या तोंडी सांगतात. सगळे मालक अजून लिहीत नाहीत. ज्या रानाचा मेसेज नसतो, तिथे त्या तिघी सकाळी बांधावरूनच फोन लावतात आणि उत्तर येईपर्यंत टोळी आत उतरवत नाहीत.